अनसाक्काचे उपास

दुपारचं जेवण म्हणजे माझ्यासाठी हल्ली वाटीभर खिमटी. ती पिऊन, गोळी घेऊन मी उजव्या कुशीवर पडते. बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचतायत. पान उलटल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ येत नाही. वीज जाते. पंख्याची पाती मंदावत एकेक सुटी दिसायला लागतात. मी डोळे मिटते, तरी पाती दिसतच राहतात.

पायाशी कुणीतरी बसतं. खाट जराशी कलते.

अनसाक्का आहे, माझी थोरली जाऊ. तिला जाऊन दोन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, पण आत्ता तो विषय काढावासा वाटत नाही. शेवटच्या आजारात तिचा नुसता सापळा उरला होता. आता गाल भरलेत. पदराखाली काहीतरी झाकून आणलंय तिनं.

"मंदे, पल्लवीच्या साखरपुड्याला येत नाहीस म्हणे?"

पल्लवी तिची नात. साखरपुडा रविवारी आहे आणि मी येणार नसल्याचं कळवून टाकलंय. गर्दी सोसत नाही, बीपी वर जातं, असं जे सगळ्यांना सांगितलं तेच मी तिलाही सांगते. ती शांतपणे ऐकून घेते आणि तशीच बघत राहते. तिच्यापुढं माझं कधीच फार वेळ टिकायचं नाही.

मग मी खरं काय ते सांगते. श्रावणात मला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू ताळ्यावर आले, पण डावा गाल बधिर झाला तो बधिरच. घास त्या बाजूला गेला की तिथंच बसून राहतो आणि मला पत्ता नसतो. ओठावरून शीत घरंगळतं ते समोरच्याला दिसतं, मला कळत नाही. एकदा पोळीचा तुकडा घशाशी अडकला, सगळं घर धावलं. तेव्हापासून माझं ताट मिक्सरमधून येतं. आता थोडं थोडं चावून खायला हरकत नाही, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय. धीर मलाच होत नाही. आणि पंगतीत, चार माणसांसमोर, तर नाहीच.

"चल," अनसाक्का म्हणते.

आम्ही बार्शीच्या एसटी स्टँडवर आहोत. फलाटावर गाड्यांच्या जागी पंगत बसलीय. चौकशीच्या खिडकीत माझ्या स्वयंपाकघरातले डबे ओळीनं लावलेत, आणि त्याचं आम्हा दोघींनाही नवल वाटत नाही. माणसांचे चेहरे धूसर आहेत, जबडे मात्र स्पष्ट हलतायत. वाळक्या पाचोळ्यावरून गुरं चालावीत तसा कुरकुर आवाज सगळीकडून येतोय. प्रत्येकाच्या पत्रावळीवर कडक भाकरी आहे, आमच्याकडची, पापडासारखी वाजणारी.

पंगतीच्या टोकाला आम्ही मांडी घालून बसतो. अनसाक्का पदराखालची भाकरी काढते, कड मोडून तोंडात टाकते. तिच्या तोंडात एकही दात नाही. पन्नाशीतच सगळे काढावे लागले होते आणि कवळी तिला कधी मानवली नाही.

"कसं गं चावतेस?" मी विचारते.

"आधी चावत नाहीच. नुसती धरायची. लाळ सुटली की ती आपणच मऊ होते. मग जीभ फिरवते तिला, हिरड्या दाबतात." ती सावकाश घास गिळते. "मला तरी कुठं येत होतं? माझे उपास आठवतात का तुला?"

न आठवायला काय झालं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. घरभर तिच्या भक्तीचं कौतुक होतं. साबुदाण्याची खिचडी मीच करून द्यायचे आणि ती वाटी घेऊन मागच्या दारी जायची.

"ते उपास नव्हते, मंदे. कुणासमोर खायची लाज वाटायची. तोंड कसं दिसत असेल, बोळक्यातून सांडत असेल." ती भाकरीकडं बघत बोलतेय. "किती भूक लागायची गं."

मी तिचा हात धरते. तो ऊनऊन आहे, नुकतीच चुलीपुढून उठल्यासारखा.

मग सोडलेस कसे, असं विचारल्यावर ती पल्लवीच्या बारशाचं सांगते. घुगऱ्या शिजत होत्या. वास नाकात गेला आणि ती सरळ जाऊन पानावर बसली. निम्म्या घुगऱ्या सांडल्या, एक तर थेट पाळण्यात पडली. कुणीतरी हसलंसुद्धा. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतल्या.

बोलता बोलता ती एवढासा तुकडा मोडून माझ्या उजव्या गालात ठेवते. मी नुसता धरते. आधी खरखरीत, मग ओलसर, मग ज्वारीचा गोडवा सुटतो. मी चावते. कानात माझाच कुरकुर आवाज येतो. किती दिवसांनी. घास डावीकडं सरकतो, मी चावायची थांबते.

"घाबरू नको. जिभेनं शोध."

अंधारात कोनाडा चाचपावा तशी मी जिभेनं शोधते. सापडतो. परत उजवीकडं घेते, बारीक करते, गिळते. सुखरूप खाली जातो. अनसाक्का पुढचा तुकडा मोडते, मग आणखी एक. पंगत संपत आलीय, फलाटाच्या कडेला आमचं अंगण लागलंय, तिथं एक गाडी आवाज न करता उभी राहते. ती पदर झटकून उठते.

"तिकडं पोटभर जेवतेस ना?" मी तोंड भरलेलं असतानाच विचारते.

ती दोन बोटांनी आपला गाल धरून दाखवते. "बघ की."

मी हसते, घाईनं चावते, आणि तोंडात लख्खकन कळ उठते.

"आई गं."

पंखा गरगर फिरतोय. वीज आलीय. माझा हात गालावर आहे. हे दारात येऊन उभे, काय झालं म्हणून विचारतायत. मी जीभ आत फिरवते. दाताखाली सापडून उठलेला टणक उंचवटा, आणि खारट रक्ताची चव.

"झोपेत गाल चावला गेला," मी म्हणते.

"कुठला?"

"डावा."

ते चष्मा काढतात.

"दुखतोय?"

"हो," मी म्हणते. "चांगलाच दुखतोय."