मॅडमनी मला बोलावलं, मी बाबांना घेऊन गेले

पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्या कॉलेजात मुख्य विषय निवडायचा होता. बीएला माझ्याकडे अर्थशास्त्र आणि गणित दोन्ही होते. त्यातला एक मुख्य आणि एक दुय्यम ठरवून शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा. मला गणित मुख्य हवं होतं. पण पहिल्या सत्रात गणितात मी जेमतेम पास झाले होते, आणि असे मार्क असतील तर अर्जावर गणित विभागाच्या मॅडमची सही लागायची. त्यासाठी ‘माझी शैक्षणिक ध्येये’ असं एक पान लिहून द्यायचं होतं.

मी ते लिहून दिलं. सोमवारी पान परत आलं. सही नव्हती. खाली लाल शाईत दोनच शब्द होते : ‘भेटून जा.’

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. या दोन शब्दांचा अर्थ मला फक्त शाळेतून माहीत होता. वहीत असं लिहून आलं की घरच्यांना घेऊन जायचं असतं. संध्याकाळी बाबा पंपाचा पाइप गुंडाळत होते तेव्हा मी सांगितलं, “कॉलेजात बोलावलंय. तुम्हाला यायला लागेल.”

“काय केलंस?”

“काही नाही.”

“काही नाय तर बोलवतात कशाला?”

मी पाइपाचं दुसरं टोक उचललं.

नंदाखाल गावात आमची केळीची वाडी आहे. वाडीच्या कडेला बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं खोल तळं. त्यावर तीन घरांचे पंप चालतात आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. बुधवार सकाळ आमची. कॉलेजात यायचं म्हणून बाबांनी ती शेजारच्या काकांना देऊन त्यांची गुरुवारची घेतली. काका कुंपणापलीकडून म्हणाले, “एवढी घोडी झाली पोरगी, अजून पालकसभा? उद्या तिच्या हापिसात पन जाशील डबा घेऊन!”

“जाईन की,” बाबा म्हणाले. “बँकेत एसी असतो.”

मला तिथून निघून जावंसं वाटलं. सही मिळणार नाही याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही बँकेची होती. प्रवेश घेतला तेव्हा आत्याने विचारलं होतं, “गणित आणि अर्थशास्त्र म्हणजे बँकच ना?” मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं होतं. तेव्हापासून बाबा भेटेल त्याला सांगत होते की पोरगी बँकेच्या परीक्षेला बसणार. मला बँकेत जायचं नव्हतं. कुठे जायचं होतं हेही नीट सांगता येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले होते.

बुधवारी बाबांनी लग्नाकार्यातला शर्ट घातला. स्कूटरला पिशवीत केळ्यांची एक फणी अडकवली. मी म्हटलं, “हे नको.” ते म्हणाले, “रिकाम्या हातानं जायचं काय?”

स्टाफरूममध्ये मॅडम आम्हाला बघून खुर्चीतून उठल्याच. “अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

“तुम्हीच बोलावलंत ना.” बाबा उभेच होते. “पोरीचं काय चुकलं असंल तर सांगा. मी लक्ष देतो.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “मी तुला बोलावलं होतं. तुला एकटीला. बोलायला.”

पलीकडच्या टेबलावरचे सर पेपर तपासता तपासता हसले. माझे कान तापले. पण मॅडमनी बाबांना बसायला खुर्ची दिली, केळी घेतली, आणि माझं पान समोर ठेवलं.

“‘देशाच्या आर्थिक विकासात मोलाचा वाटा उचलणे.’ हे तू लिहिलंस?”

“एका सीनियरचं बघून.”

“वाटलंच. मागच्या वर्षी मी हेच वाचलंय.”

“वाक्य तर चांगलं आहे,” बाबा हळूच म्हणाले.

“वाक्य चांगलं आहे हो, पण त्यात ही कुठे आहे?” मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुला गणित कशाला हवंय?”

मी फरशीकडे बघत राहिले. डोक्यात होतं ते शब्दांत येईना. बाबांना शांतता सहन होत नाही.

“मॅडम, तिला नाद आहे गनिताचा. ते बावखलाचं विचारा ना. मागच्या उन्हाळ्यात अख्ख्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेवल्या. सिलिंडर कधी लावला ते लिवायला जागा नाय ठेवली हिनं!”

“कसल्या रेघा?”

मग मला सांगावंच लागलं. बावखलात एक बांबू रोवलेला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं तशी बांबूची पेरं उघडी पडतात. तिसरं पेर दिसलं की तिन्ही घरं पंप कमी वेळ चालवतात. चौथं दिसलं की फक्त केळीला पाणी, भाजी सोडून देतात. हे कुणी कुणाला सांगत नाही, कुठे लिहिलेलं नाही. मी दोन महिने रोज किती पेरं दिसतात आणि कोणाचा पंप किती वेळ चालतो ते कॅलेंडरवर मांडत होते.

“आणि कुणी जास्त उपसलं तर?” मॅडमनी विचारलं.

“त्या दिवशी त्याचा फायदाच आहे. तरी कुणी करत नाही. मला वाटतं, त्यांना आयुष्यभर एकमेकांशेजारी राहायचंय म्हणून. पण नुसतं वाटून काय उपयोग? ते गणितात दाखवता येतं का, हे मला शिकायचंय.”

एवढं मी कॉलेजात कधीच बोलले नव्हते. पलीकडच्या सरांनी पेन खाली ठेवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, “दोनच घरं असती तर सोपं होतं. तीन आहेत म्हणून गंमत.” या प्रश्नावर लोक आयुष्यभर काम करतात, असंही त्यांनी सांगितलं. मग कपाटातून माझा पेपर काढला. उत्तरं बरोबर होती, मधल्या पायऱ्या नव्हत्या. “तुला दिसतं ते वाचणाऱ्याला दिसत नाही. दर बुधवारी मधल्या सुट्टीत ये, सिद्धता लिहायला शिकवते. आणि आत्ता बोललीस ते या पानावर लिहून आण. सही करते.”

मी हुश्श करणार, एवढ्यात बाबांनी विचारलं, “आनि बँकेची परीक्षा कधी असते?”

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या.

“बाबा,” मी म्हटलं, “मला बँकेत नाही जायचं. गणितात एमए करायचंय. त्याच्या पुढचं मला अजून माहीत नाही.”

बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. “मग आदी का नाय सांगितलंस?”

“तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतंत.”

“तू बोललीस म्हनून सांगितलं! मला काय कळतं बँकेतलं? तुला हौस आहे तर आपन पन कौतुक करावं.” मग ते म्हणाले, “आता लोकांना काय सांगू?”

“सांगा, गणित शिकते.”

“एवढंच? हे सोपं आहे.”

मॅडम मोठ्याने हसल्या. मीही हसले, पण डोळे भरून आले होते, म्हणून पान उचलून बाहेर गेले.

लायब्ररीत बसून मी अर्ध्या तासात पान लिहिलं. अक्षर वाईट आलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, एक शब्द खोडला आणि सही केली.

ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. “मुख्य गणित? नंतर बदलून मिळणार नाही हं. मुलं येतात मग रडत.”

एरवी मी ‘बहुतेक’ म्हणते. प्रत्येक गोष्टीला. त्या दिवशी म्हटलं, “नक्की.” त्यांनी शिक्का मारला.

बाबा जिन्यापाशी शिपायाला केळीची लागवड कशी करायची ते समजावत उभे होते. मला बघून म्हणाले, “झालं?”

“झालं.”

कँटीनमध्ये मी दोन वडापाव खाल्ले. बाबांनी माझ्यासाठी तिसरा मागवला, तेव्हाही नको म्हटलं नाही.