सरदारांच्या बंगल्याची तापलेली फरशी

मंडळी, तालमीच्या फळ्यावर आज दुपारचंच लिहितोय.

संस्थान गेलं. आता सरदारांचा बंगला तिकिटावर बघायला मिळतो, वर चांदीच्या ताटात जेवण. आमचे आबा तिथं गूळ पोचवायचे, तेव्हा त्यांना फाटकातच चपला काढायला लावायचे. म्हणून आज मी मुद्दाम चपला घालून आत गेलो. माझं जेवण होईपर्यंत म्हाताऱ्या पहारेकऱ्याला भर उन्हात फरशीवर अनवाणी उभं केलं. पाहुण्याला नाही म्हणायची त्याला सोय नव्हती.

निघताना म्हटलं, "कळलं, आबांचं पाय कसं भाजायचं?"

"गूळवाल्या आबांचं पोरगं व्हय तुम्ही?" म्हातारा हसला. "त्यांचं पाय भाजू न्हाईत म्हणून मी आधीच फरशीवर पाणी मारून ठेवायचो की, पावणं."

आबा संध्याकाळी फळा वाचायला येतात. पुसू का ठेवू?