मोहिनीचा कोतवाल आणि देवकाबाईंचं कुंकू

नाचणगावात मोहिनी झाडे शांत बाई आहे असं कोणी सांगितलं, तर त्या माणसाची आणि तिची अजून गाठ पडलेली नाही असं खुशाल समजावं. लग्नाआधी ती पुलगावच्या सेतू केंद्रात खिडकीमागे बसायची. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, सातबारे, दिवसभर लोकांची कागदं भरायची. कोणी रांग मोडून पुढे घुसला की त्याला असा झापायची, की तो मुकाट रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. तिला स्थळ सांगून आलं ते गादीवाल्याचं. धनंजय झाडे, बोलायला कमी, हाताला चांगला, घरामागे टिनाच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन. तिनं मुलगा पाहिला, मशीन पाहिलं, आणि हो म्हणून टाकलं.

सगळा मुलूख कापसाचा. दिवाळीआधी लोक जुन्या गाद्या पिंजायला आणायचे, लग्नसराईत नव्या भरून न्यायचे, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. मग फोमच्या गाद्या आल्या. दुकानात जायचं, गुंडाळलेली गादी मोटारसायकलवर बांधायची आणि घरी यायचं, झालं. झाडेंकडे उरलं ते फक्त प्रभाकररावांचं काम. हे वर्ध्याचे पुरवठादार. सरकारी वसतिगृहांच्या ऑर्डरी ते घ्यायचे, गाद्या झाडेंच्या शेडमध्ये भरल्या जायच्या, आणि वर पट्टी लागायची प्रभाकररावांच्या नावाची. सरळ आम्हीच का नाही भरत टेंडर, असं मोहिनीनं एकदा विचारलं, तेव्हा ते पोट धरून हसले होते. म्हणाले, वहिनी, तुम्ही रुई पिंजा, कागदं पिंजायचं काम आमचं. सेतू केंद्रात उभी जवानी कागदं भरण्यात घालवलेल्या बाईला हे ऐकवलं त्यांनी! तिनं ते लक्षात ठेवलं.

यंदा प्रभाकररावांचा निरोप आला की आता बाहेरून तयार फोमचा माल घेणार, तुमची गरज नाही. शेड एकदम थंड पडलं. नलू आणि यशोदा, दोघी गावच्याच, लग्न होऊन आल्यापासून इथं टाके घालणाऱ्या, रोज सकाळी यायच्या आणि काही नाही म्हटल्यावर अंगण झाडून परत जायच्या. जामचा एक भंगारवाला येऊन मशीनवर बोटं वाजवून गेला. मोहिनीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि विदर्भात चहा न विचारणं म्हणजे काय, ते त्याला बरोबर कळलं. पण धनंजयनं त्याला नाही म्हटलं नव्हतं. पोळा होऊ दे, मग पाहू, एवढंच तो म्हणाला. म्हणजे पोळ्यापर्यंत काम आलं नाही तर मशीन जाणार, शेड जाणार, आणि नलू-यशोदा दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणार. मोहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग तिनं मोबाईल काढला. मोबाईलमध्ये हल्ली एआयचे एजंट मिळतात, आपण काम सांगायचं आणि ते आपले आपण साऱ्या साईटी पालथ्या घालतात, हे तिला माहीत होतं. महिन्याचं भाडं भरून तिनं ते घेतले. घरात एजंट आणलाय म्हटल्यावर तिच्या सासूबाई, देवकाबाई, हादरल्याच. तहसीलच्या दारात बसणारे एजंट त्यांनी पाहिलेले. हा पैसे खाणारा नाही, हा आपला कोतवाल आहे असं समजा, सकाळी उठून सगळीकडे फिरून येतो आणि काय दवंडी आहे ते सांगतो, अशी मोहिनीनं समजूत काढली. तेव्हापासून त्याचं नाव कोतवालच पडलं. तसे ते तिघं होते. एक रोज टेंडर शोधायचा, दुसरा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, तिसरा ते काम आपल्या शेडला झेपेल का ते ताडून पाहायचा. पण घरातले त्या तिघांना मिळून एकच धरायचे.

सुरुवातीला कोतवालानं डोकं उठवलं. दवाखान्याचे सिलिंडर काय, कोकणातले रस्ते काय, तुरुंगाच्या भिंतीचा रंग काय, जे दिसेल ते आणून पुढे टाकायचा. एकदा तर अर्जाच्या मसुद्यात झाडेंचं शेड देवळी तालुक्यातून उचलून थेट समुद्रपूर तालुक्यात नेऊन ठेवलं. मोहिनीनं त्याला सेतू केंद्राच्या खिडकीतला आवाज ऐकवला. एका दिवसात गाडी जाऊन परत येईल तेवढ्याच टापूत पाहायचं, मोठी उलाढाल मागणारं काम आणायचंच नाही, आणि मला दाखवल्याशिवाय कुठं काही पाठवायचं नाही. तो चूक कबूल करायचा आणि तीच चूक पुन्हा करायचा नाही. हा गुण नवऱ्यात शोधून ती कधीची थकली होती.

आणि एका सकाळी त्यानं ते आणलं. टेंडरचं नाव होतं लोखंडी पलंग आणि कपाटं पुरवण्याचं. नाव वाचून कुठलाही गादीवाला पुढेच गेला असता, आजवर जातच आले होते. पण कोतवालानं आतली सगळी पानं वाचली होती. त्यात खाली कुठंतरी मुलींच्या वसतिगृहांसाठी गाद्या होत्या, शुद्ध रुईच्या, आणि गाद्यांचा भाग कोणालाही वेगळा भरता येईल अशी सोय होती. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला अनामत माफ. नोंदणी तर झाडेंकडे होती, मोहिनीनंच करून ठेवलेली. तिनं ते पान स्वतः उघडून पुन्हा पुन्हा वाचलं, मग धनंजयला वाचायला लावलं. तो वाचून झाल्यावर म्हणाला की प्रभाकरराव मागे लागतील. ती म्हणाली, लागू दे.

कागदं तिनं आणि कोतवालानं मिळून भरली. राहिला नमुना. ठरलेल्या दिवशी दुपारी चारच्या आत एक गादी वर्ध्याच्या कार्यालयात जमा करायची होती, आणि अट अशी की तिच्यावर नाव, पट्टी, कसलीही खूण नको. कोणाची गादी आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. खूण दिसली की नमुना बाद, आणि नमुना बाद म्हणजे टेंडर बाद.

गादी भरली तेव्हा शेडमध्ये पुन्हा सणासारखं वाटलं. धनंजयनं रुई स्वतः पिंजली. टेंडरमध्ये सांगितलं होतं त्याच पट्ट्यांचं गादीपाट, खोळीचं जाड कापड, आणलं. नलू-यशोदांनी असे टाके घातले की पट्टी लावून आखल्यासारखे. आणि झाडेंच्या रिवाजाप्रमाणे त्याच कापडाचा एक तुकडा घडी करून कोपऱ्यात आत ठेवला. हा रिवाज धनंजयच्या आजोबांपासूनचा. गादी फाटली तर गिऱ्हाईकाला ठिगळाचं कापड शोधत हिंडायला नको, गादीच्या पोटातच असावं. मोहिनीनं दुकानाच्या नावाची पट्टी आठवणीनं काढून टाकली. गादी धनंजयच्या छोट्या टेम्पोत चढवली, वर ताडपत्री बांधली, आणि नवरा-बायको निघाले.

सावंगीला दवाखान्यासमोर चहाला थांबले. अजून वेळ होता. कोतवालाचा आग्रह होता की जमा करण्याआधी गादीचे चारी बाजूंनी फोटो दाखवा. मोहिनीनं ताडपत्री सारून फोटो काढले आणि कपातला पहिला घोट घेतला. तेवढ्यात उत्तर आलं. एका कोपऱ्यावर लाल ठिपका दिसतो आहे, तो खूण समजला जाईल, या अटीनुसार नमुना नाकारला जाऊ शकतो.

तिला आधी समजलंच नाही. लाल ठिपका कुठला? तिनं जाऊन पाहिलं. देवकाबाईंचं कुंकू! झाडेंच्या घरातून गादी बाहेर पडते तेव्हा देवकाबाई तिच्या कोपऱ्यावर ओलं कुंकू टेकवतात. आजवर एक गादी सुटली नाही. कोणाच्या लेकीच्या संसाराला जायची असते, कोणाच्या बाळंतिणीला, कोरडी कशी पाठवायची? मोहिनीनं ते इतक्या वेळा पाहिलं होतं की आता तिच्या डोळ्यांना ते दिसतच नव्हतं. धनंजयलाही नाही, नलू-यशोदांनाही नाही. कुंकवाशिवायची गादी त्यांच्यापैकी कोणी पाहिलीच नव्हती, आणि ज्यानं कधी कुंकू पाहिलं नव्हतं त्यालाच ते दिसलं.

धनंजयनं बाटलीतलं पाणी घेऊन रुमाल भिजवला. मोहिनीनं त्याचा हात धरला, कारण कुंकू पाण्यानं पसरतं आणि ठिपक्याचा ओघळ होतो. कोतवालाला विचारलं तर तो म्हणाला दुसरा नमुना बनवा, चारच्या आत बदलता येतो. सांगायला काय जातं त्याचं. तिनं रागारागानं घरी फोन लावला. सासूला आजवर वर तोंड करून बोलली नव्हती, पण आज बोलली.

"आई, तुमाले सांगतलं होतं ना, खूण नाई पायजे. कुंकू काऊन लावलं?"

देवकाबाईंना आधी आरोपच कळेना. खूण कुठं, कुंकू होतं ते. मग सगळं ध्यानात आलं. सुनेला वाटलं आता रडतील.

"पुसू नको," त्या म्हणाल्या. "कोपरा उसव. अंदर तुकडा हाये, तो लाव. अन् कुंकवाचा कोपरा अंदरच राहू दे."

मोहिनी फोन न ठेवताच उठली. गादीची लांब सुई धनंजयच्या गाडीत कायम आरशामागे खोचलेली असते, दोरा डब्यात असतो. चहाच्या टपरीचं बाकडं त्यांनी मागून घेतलं. धनंजयनं गुडघ्यानं गादी दाबून धरली आणि तिनं कोपरा उसवला. आतून घडीचा तुकडा ओढून काढला, तेच कापड, त्याच पट्ट्या. कुंकवाचा कोपरा आत दुमडून रुईत खोल सारला, वरून तुकडा बसवला, पट्टीला पट्टी जुळवली. दवाखान्यात शिकणाऱ्या पोरी चहा प्यायला आल्या होत्या, त्या घोळका करून पाहत उभ्या राहिल्या. आम्हाला टाके घालायला शिकवा मावशी, म्हणाल्या. मोहिनीला त्यांच्यावर खेकसायचं होतं, पण तोंडात दोरा होता.

पुन्हा फोटो काढला, पुन्हा पाठवला. कोतवाल म्हणाला, आता कुठलीही खूण दिसत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पोरींसमोर तिनं ते येऊ दिलं.

कार्यालयात गादी वेळेत जमा झाली. बाबूनं ती उलटीपालटी करून पाहिली, कोपऱ्यावरून हात फिरवला, आणि वर नुसता आकडा चिकटवून भिंतीशी ठेवली. बाहेर व्हरांड्यात प्रभाकरराव उभे होते. त्यांना वाटलं, ही मंडळी कोणाचा तरी माल पोचवायला आलीत. वहिनी, कोणाचं काम आणलं, म्हणून त्यांनी कौतुकानं विचारलं. आमचंच, असं मोहिनी म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं साठवलेलं ते एका शब्दात उरकलं याची तिला पुढे देवळी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली.

निकालाची दवंडी कोतवालानंच आणली. सकाळी मोहिनी कणीक भिजवत होती, हात पिठानं भरलेले, म्हणून धनंजयनं मोबाईल धरला आणि वाचलं. सगळे नमुने मधोमध कापून तपासले, रुईच्या अटीत बसणाऱ्यांत सगळ्यात कमी दर झाडे गादी भांडाराचा, काम त्यांना. धनंजयनं दोनदा वाचलं, मग सरळ शेडमध्ये गेला आणि मशीनचं बटण दाबलं. किती महिन्यांनी तो घरघराट अंगणात आला! नलू आणि यशोदा झाडू टाकून धावत आल्या. मोहिनी पिठाच्या हातांनीच त्यांच्या गळ्यात पडली, दोघींची लुगडी पांढरी करून टाकली. पोळ्याला भंगारवाल्याचा फोन आला, तो धनंजयनं स्वतः घेतला. एरवी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी भंगारवाल्याला त्यानं इतकं ऐकवलं की शेवटी मोहिनीलाच त्याची दया आली.

प्रभाकररावही आले एक दिवस. तुमच्यासाठी टेंडर कोण शोधतं, म्हणून गोडीत विचारू लागले. मोहिनीनं त्यांना बसायला दिलं, चहा दिला, आणि आमच्या कोतवालाला विचारून सांगते म्हणाली.

माल भरायला लागले तेव्हा नवीनच पेच उभा राहिला. पुरवायच्या गाद्यांवरही बाहेरून फक्त सरकारी शिक्का चालणार होता. देवकाबाई कुंकवाची वाटी घेऊन पहिल्या गादीपाशी आल्या, आणि शिक्क्याकडे पाहून तिथंच थांबल्या. मोहिनीनं नलूला शेवटचा टाका थांबवायला सांगितलं. खोळीचं तोंड फाकवून धरलं आणि सासूला आतली पांढरी रुई दाखवली. देवकाबाईंनी बोट बुडवलं आणि आत, रुईच्या मधोमध, कुंकू टेकवलं. नलूनं वरून टाका घातला. मग दुसरी गादी, मग तिसरी.

मध्येच म्हातारीचा हात थांबला.

"त्या होस्टेलातल्या पोरींले कसं कळन व?"

"कळाले काऊन पायजे, आई," मोहिनी म्हणाली. "झोप तं लागन."

देवकाबाईंनी वाटी पुढच्या गादीकडे सरकवली.