दिलगिरीच्या चौकटीतले पणजोबा

आमचे पणजोबा गोविंदराव गावाकडच्या साप्ताहिकाचे संपादक होते, असं मी डोंबिवलीभर मिरवत असे. कल्याणच्या वाचनालयात मात्र महिनाभर जुने अंक चाळूनही त्यांचं नाव सापडेना. समोर एक म्हातारे गृहस्थ बसत. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले, त्यामुळे माझ्यापुढचा अंक ते पलीकडून उलटाच सरसर वाचत.

एकदा म्हणाले, "अहो, संपादकाचं नाव लपत नाही. तुमचे पणजोबा आमच्यातले, खिळे जुळवणारे जुळारी असतील. दिलगिरी बघा. जुळारी आजारी पडला, तरच त्याचं नाव छापतात."

तिसऱ्याच अंकात दिलगिरीची चौकट होती: 'आमचे जुळारी गोविंदराव तापाने आजारी असल्याने अंक दोनच पानी.'

पणजोबांना ताप आल्याचे पेढे मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाचनालयात वाटले.