प्रबोधची रंगीत निलगिरी

माझा नवरा प्रबोध सोमवार ते शुक्रवार चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतो आणि रविवारी हौसेने लोकांना झाडं दाखवत फिरतो. त्याचं सगळ्यात लाडकं झाड म्हणजे सप्तरंगी खोडाची निलगिरी. आणि प्रबोधला हिरवा आणि लाल वेगळे दिसतच नाहीत.

ही गोष्ट सिंगापुरात फक्त मला ठाऊक होती. एकोणिसाव्या वर्षी तो बोटीवर नोकरीला निघाला होता. वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा वाचता आला नाही, आणि स्वारी घरी परत. वडिलांनी आळीभर पेढे आधीच वाटून टाकले होते. तेव्हापासून हा विषय तो काढत नाही, कुणाला काढूही देत नाही. त्याचे शर्ट मी गुपचूप काढून ठेवते.

झाडाची माहिती मात्र त्याला तोंडपाठ. मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशियाकडचं, पावसात फोफावणारं. जुनी साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, आतून कोवळी हिरवी निघते, ती पुढे निळी, जांभळी, केशरी आणि शेवटी विटकरी होते. प्रत्येक पट्टी आपल्या सवडीने सुटते, म्हणून एकाच खोडावर सगळे रंग. आपली माणसं आली की आधी पान चुरगळून हुंगतात आणि वास आला नाही की प्रबोधकडेच संशयाने बघतात. या जातीच्या पानांत तेल जवळजवळ नसतंच, हे तो मग मोठ्या आनंदाने सांगतो.

यंदा नवरात्रात आमच्या सेरंगून भागातल्या बायकांच्या ग्रुपची पुढारी अश्लेषा हिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. रविवारी नऊजणींनी नवरात्राचे नऊ रंग वाटून घ्यायचे, त्या झाडापाशी फोटो काढायचा, आणि प्रबोधदादांनी प्रत्येकीला तिच्या रंगाची पट्टी दाखवायची.

"सरळ नाही म्हण," मी म्हटलं.

"कारण काय सांगू? रंग न दिसणारा गाइड? उद्या माझ्याबरोबर कोण येईल?" तो म्हणाला.

मग आदल्या रविवारी आम्ही दोघं झाडापाशी गेलो. मी शाळेतल्या बाईंसारखं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. गुडघ्यापाशी हिरवी, कमरेला केशरी, खांद्याच्या डावीकडे विटकरी. दोनदा उजळणी झाली.

पण झाड काही आमच्यासाठी थांबलं नाही. आठवडाभर धो धो पाऊस पडला.

फोटोच्या दिवशी सुरुवात झकास झाली. पांढऱ्या साडीतली ऋता म्हणाली, "माझा रंग झाडात कुठेय?" प्रबोध म्हणाला, "याच्या लाकडाचा कागद करतात. तू कागद." सगळ्या खूश. मग त्याने लाल साडीतल्या अश्लेषाला रुबाबात बोलावलं. "खांद्याच्या डावीकडची विटकरी पट्टी तुझी."

"दादा, ही तर हिरवीगार आहे," अश्लेषा म्हणाली.

सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, हा गंमत करतोय. मीही सवयीने तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

"गंमत नाही," प्रबोध म्हणाला. "मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून."

मग त्याने वळून खोडावर तळहात ठेवला.

"ही जागा गार लागतेय, गुळगुळीत आहे. कडेला जुनी साल अजून लोंबतेय. म्हणजे नुकती सुटलीय, म्हणजे हिरवी. चुकलंच माझं." हात वर सरकला. "ही कोरडी, पापुद्रा सुटत आलाय. ही सगळ्यात म्हातारी, विटकरी. अश्लेषा, तू इथे ये."

बरोबर होतं. पुढच्याही बहुतेक पट्ट्या त्याने हाताने बरोबर ओळखल्या. ऋताने डोळे मिटून खोडावर हात ठेवला, मग एकेक करत सगळ्यांनी. येणाऱ्याजाणाऱ्या एका अंकलना आम्ही फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांनी नेमका तेव्हाच काढला. नऊच्या नऊजणींचे डोळे मिटलेले. अश्लेषाने तोच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, पुढच्या रविवारी दादा अजून कुठलं झाड दाखवणार?

परतताना बसमध्ये प्रबोध बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

"तू आज कुठला रंग नेसलीयेस गं?"

लग्नाला बावीस वर्षं झाली. हा प्रश्न त्याने मला कधीच विचारला नव्हता.

"केशरी," मी म्हटलं.

"मला शेवाळी दिसतोय," तो म्हणाला. "शोभतोय तुला."

मला इतका आनंद झाला, की आमचा स्टॉप मागे गेला तरी कळलं नाही.