दोन पोटांची होडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तरी कोणी 'एखादी केस सांगा' म्हणालं की आजही माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ती होडीच येते. घरचे हसतात. ज्या खुनाच्या तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं, त्याबद्दल मी चकार शब्द काढत नाही आणि होडीसाठी मात्र पाहुण्यांना चहा गार होईपर्यंत बसवून ठेवतो. असो. नावं कोणाचीच सांगणार नाही.

तेव्हा मी पेण तालुक्यात खाडीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी मूळचा घाटावरचा. पाणी म्हणजे विहिरीतलं नाहीतर कालव्यातलं, एवढीच माझी समज. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचा पोलीस तपासाशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी चाळिशीचे एक गृहस्थ फिर्याद द्यायला आले. पुण्यात मोठ्या पगाराची नोकरी, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांची कॅटामरान चोरीला गेली होती. कॅटामरान म्हणजे दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यावर एकच घर बांधावं, तशी शिडाची बोट. गावात तिला सगळे 'दोन पोटांची' म्हणत. वडील मालवाहू जहाजांवरचे निवृत्त कॅप्टन. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, एका गावात, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधामागे, ती त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी कॅप्टनच्या पत्नी वारल्या, मग त्यांचं स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि मुलाने होडी विकायचं ठरवलं. वडिलांचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे होतं. त्याने इंटरनेटवर जाहिरात दिली, त्याच शनिवारी सकाळी गोव्याचं गिऱ्हाईक बघायला आलं, आणि बांधामागे नुसता चिखल.

"वडिलांना कळवलंत?" मी विचारलं.

"नाही. हवापालट म्हणून रोह्याला आत्याकडे गेलेत. साहेब, तिकडे कृपा करून फोन करू नका. त्यांना हे सोसणार नाही."

मला त्याचं म्हणणं पटलं. मी शब्दही दिला. या केसमधली माझी पहिली चूक ती.

गुन्हा नोंदवला, किनाऱ्यावरच्या ठाण्यांना संदेश गेले, कस्टमला कळवलं. शिडाची बोट गायब म्हटल्यावर वरिष्ठांचे फोन सुरू झाले. कुठे परदेशात गेली तर? तिच्यातून काही आणलं तर? माझंही डोकं तापलं. मी मनातल्या मनात एक आंतरराष्ट्रीय टोळी उभी करून टाकली होती. पंचनाम्याच्या वेळी आमचे हवालदार, जे त्याच खारेपाटातले, खुंटाजवळ उभे राहून मान हलवत होते. होडीचे दोर कापलेले नव्हते. सोडून, नीट वेटोळी करून, खुंटाला अडकवून ठेवले होते.

"साहेब, चोर काय दोर गुंडाळून ठेवत नाय," हवालदार म्हणाले. मी त्यांना फुकटचे तर्क लढवू नका म्हणून झापलं.

रविवारी सकाळी ठाण्यात एक निनावी फोन आला. "राखणदारालाच विचारा. होडी विकायची म्हटल्यापासनं त्याच्या तोंडावरची माशी हालत नव्हती."

राखणदार म्हणजे गावातला साठीचा एक आगरी गृहस्थ. सगळे त्याला नाखवा म्हणत. मिठागर बंद पडल्यापासून होडीची राखण आणि डोलवीकडे कंपनीत कंत्राटी वॉचमनची शिफ्ट, यावर त्याचं घर चालत होतं. बोलावल्याबरोबर धुतलेला शर्ट घालून आला. बाकावर टोकाला बसला आणि विचारण्याआधीच म्हणाला, "मना काय ठाव नाय साहेब."

जो माणूस प्रश्नाआधी उत्तर देतो त्याला सगळं ठाऊक असतं. पण हा पठ्ठ्या हलेना. शुक्रवारी संध्याकाळी होडीवर दिवाबत्ती केली तेव्हा होती, शनिवारी बघतो तर नाही, एवढंच. मी आवाज चढवला, उतरवला, बाहेर पाठवून पुन्हा बोलावलं. दोन तास तेच वाक्य. शेवटी कंटाळून मी जबाबाचा कागद पुढे ओढला. गुन्ह्याची वेळ लिहायची राहिली होती.

"मग शुक्रवारी रात्रीच्या भरतीला नेली, असं लिहितो," मी म्हणालो.

नाखव्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताला गहू म्हणालो होतो. "ओ साहेब, छटी-सातमीला ती उठंल होय? भांगाचं पाणी! त्या खाजणात गुडघाभर बी चढत नाय. तिला काढायची तं उधाणच पायजे. पुनवेचं दुपारी बाराचं पाणी भरलं का मंग कुठं ती..."

आणि तो थांबला. हवालदार हळूच खाली बघून हसले.

त्यांनी मला मग समजावून सांगितलं. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी जेमतेम हलतं, तो भांग; तेव्हा बांधामागच्या खाजणात, म्हणजे दलदलीत, होडी तरंगत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. हे इथल्या माणसाला पंचांगाशिवाय तोंडपाठ असतं. म्हणजे होडी बांधामागून बाहेर पडू शकली ती फक्त पुनवेला. पुनव झाली होती आदल्या शनिवारी, भर दुपारी. नाखवा जिला शुक्रवारपर्यंत दिवाबत्ती करत होता, ती सहा दिवस आधीच गेली होती. माणसांबद्दल त्याला खोटं बोलता आलं, पाण्याबद्दल बोलताना जीभ वळली नाही. इतक्या वर्षांत असा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

"आता सांगून टाका," मी म्हणालो. "उद्या मला तुम्हाला अटक दाखवून कोर्टात उभं करावं लागेल. एकदा नाव लागलं की कंपनीचं गेटसुद्धा बंद. हा तुमच्या वयाला शोभणारा प्रकार आहे का?"

त्याने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाला, "मना काय ठाव नाय साहेब."

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. डबा कसला, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत आणि वालाच्या बिरड्याचं पातेलंच. नवऱ्याला वाढलं, मग हवालदारांना, ठाणे अंमलदाराला, आणि शेवटी माझ्यासमोर ताट ठेवलं. आरोपीच्या घरचं खाऊ नये हे मला कळतं. पण त्या बाईंसमोर ते म्हणायची छाती झाली नाही.

"साहेब, त्यांनी कुनाला तरी जबान दिलेय," त्या म्हणाल्या. "ते मोडायचे नाय. तुमी तुमचं तुमी हुडका, मंग त्यांच्यावर बोल नाय."

"तू गप रव गो!" नाखवा ओरडला.

"मी काय सांगलं? जेवा म्हनलं साहेबांना."

बिरडं खाता खाता मी फायलीतली जाहिरात पुन्हा काढली. चोरीच्या मालाचं वर्णन म्हणून ती जोडली होती, पण वाचली होती कोणी? मुलाने दुरुस्तीच्या बिलांवरून ती तयार केली होती: 'विकणे आहे. वापरलेली कॅटामरान, उत्तम स्थितीत. अलीकडेच केलेल्या सुधारणा: दोन्ही इंजिने नवीन. छतावर सौर पॅनेल. गोड्या पाण्याची मोठी टाकी. डोलकाठी आडवी पाडण्याची सोय. पायऱ्या रुंद आणि बुटक्या. सर्वत्र पकडदांडे. न्हाणीघरात बसण्यासाठी फळी.'

माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी घरच्या न्हाणीत अशीच फळी ठोकून घेतली होती. घास हातातच राहिला. शर्यतीला किंवा सफरीला निघणारा माणूस पायऱ्या बुटक्या करत नाही. ही विकायच्या होडीची यादी नव्हती. कोणीतरी म्हातारपण काढायला घर तयार करत होतं.

"डोलकाठी आडवी कशाला पाडतात?" मी हवालदारांना विचारलं.

"पुलाखालनं जायला, साहेब. रेवदंड्याच्या खाडीतनं वर रोह्याकडं घुसायचं म्हटलं तर मधी पूल हाय."

मी नाखव्याकडे पाहिलं. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. मी त्याला पुढे काही विचारलं नाही.

कॅप्टनच्या चिरंजीवांना पेणच्या लॉजवरून उचललं, नाखव्याला मागे बसवलं आणि जीप नागोठण्यावरून रोह्याकडे निघाली. कुठे चाललो ते मी सांगितलं नाही. खाडीकाठच्या आत्याच्या घरासमोर थांबलो तेव्हा चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता!"

आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण वाट अशी अडवली की आमच्या बंदोबस्तात शोभल्या असत्या. "दादा देवाला बसलाय," त्या म्हणाल्या.

"आत्या, रोज फोन केला की तू हेच सांगतेस," भाचा म्हणाला. "नाहीतर झोपलाय, नाहीतर आंघोळीला गेलाय."

आत्याबाईंनी माझ्या टोपीकडे पाहिलं, मागे मान खाली घालून उभ्या असलेल्या नाखव्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाल्या. "परसात आहे."

परसाच्या टोकाला खाडी. ओहोटी लागलेली. तीसेक पावलांवर चिखलात दोन पोटांची होडी बसली होती, डोलकाठी आडवी, दोरीवर बनियन आणि पंचा वाळत घातलेला. आणि वर खुर्चीत कॅप्टन बसून वाल सोलत होते.

"बाबा!" चिरंजीव किंचाळले आणि बुटांसकट चिखलात घुसले. पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. नाखव्याने मागून जाऊन त्यांना काखेत धरून उपसलं आणि आपल्या पावलांवर पाऊल ठेवायला लावत होडीपर्यंत नेलं. आता मोठा तमाशा होणार म्हणून मीही बूट काढून मागोमाग गेलो.

कॅप्टननी मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी पाय धू," ते म्हणाले. "मग वर ये."

आणि त्या चाळिशीच्या साहेबाने निमूटपणे बादलीतल्या पाण्याने पाय धुतले.

कॅप्टननी पहिल्यांदा फैलावर घेतलं ते नाखव्याला. "तुला ठाण्यात बसवलं, आणि तू बोलला नाहीस?"

"तुमी बोललेलं, कुनाला सांगू नको."

"अरे, पोलिसांना सोडून!"

"तसं नाय बोललं तुमी," नाखवा म्हणाला. कॅप्टननी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग मुलाने विचारलं, "मला सांगितलं का नाही?" कॅप्टन म्हणाले, "तू विकायचं ठरवलंस ते मला सांगितलंस का? मला नाखव्याकडून कळलं, आणि पुनवेच्या भरतीला आम्ही दोघांनी ती इथे आणली. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसतो. इथे बहीण हाकेवर आहे, डॉक्टर रोह्यात आहे. मला कुठे जायचं नाही रे. फक्त पाण्यावर राहायचंय." मुलगा म्हणाला, "आणि एकटे असताना काही झालं तर?" तेव्हा मला समजलं की होडी विकायची घाई पैशासाठी नव्हतीच.

कॅप्टन उठले, दांडा धरून खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूच्या खोलीचं दार उघडलं. तिथला बिछाना भिंत फोडून हातभर लांब केला होता. "तुझे पाय बाहेर येतात म्हणून तू कॉलेजनंतर इथे कधी झोपला नाहीस," ते म्हणाले. "सुताराने याचं बिल दिलं नाही, नाहीतर तू तेही जाहिरातीत घातलं असतंस."

सहा फुटांच्या वरचा तो माणूस त्या बिछान्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी आणि नाखवा बाहेर येऊन उरलेले वाल सोलायला लागलो.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. फिर्यादी काय हरवलं ते सांगतो, पण त्याला भीती कशाची आहे ते सांगत नाही. ती आधी विचारली असती, तर एका सरळ माणसाला मी चार तास बाकावर बसवलं नसतं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी ती विचारत आलो. नाखव्याची मी तिथेच माफी मागितली. तो म्हणाला, "त्यात काय, जेवलो ना एकत्र."

नोंदलेला गुन्हा असा सहज पुसता येत नाही. गैरसमजुतीतून फिर्याद झाली असा अहवाल कोर्टाला पाठवावा लागतो, आणि त्याला फिर्यादीचा पुरवणी जबाब लागतो. दुसऱ्या दिवशी चिरंजीव ठाण्यात आले, कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. नियमाप्रमाणे मी मजकूर बदलून घ्यायला हवा होता. घेतला नाही, तसाच फायलीला लावला. त्यात लिहिलं होतं: 'होडी चोरीस गेलेली नाही. माझे वडील कुठे राहतात, हे मला माहीत नव्हते.'