मच्छ्याचा बंब

अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पृथ्वी तापण्याचे कारण सापडले आहे. ते तांब्याचे असून बेळगावजवळच्या मच्छे गावी, माझा मित्र सुहास याच्या परसात उभे आहे. त्याचे वडील आप्पा रोज सकाळी त्यात ढलप्या घालून अंघोळीचे पाणी तापवतात.

हा गुन्हेगार विकायचा म्हणून मला पुण्याहून बोलावणे आले, कारण माझी गाडी मोठी. रविवारी मी एकटाच, एसी लावून, पृथ्वी वाचवायला निघालो. निपाणीला चहाला उतरलो, तर तंबाखूच्या वासानेच तरतरी आली. पुढे दुतर्फा ऊस आणि वर ढगच ढग.

सुहास बंगळूरहून आधीच आला होता. तो दर शनिवारी विमानाने सांबऱ्याला उतरतो आणि उंबरा ओलांडताच धुरावर बोलू लागतो. जेवायला भाकरी, झुणका आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) होता. सोबत त्याचे व्याख्यान.

"छतावर सोलर बसवून दिलंय की, आप्पा. बंब कशाला?"

"ढग आलं की तुझं सोलर झोपतंय. माझं गुडघं न्हाय झोपत," आप्पा म्हणाले. "माझा धूर परसात दिसतोय, तुझा ढगावर ऱ्हातोय. व्हय का न्हाय, पावणं?"

पावण्याने भाकरीत तोंड खुपसले. त्याची गाडी दारातच उभी होती.

"विमानाचं वेगळं आहे. मला वेळ नसतो. आणि कसं यायचं, हा माझा प्रश्न आहे."

"मग आंगूळ कशानं करायची, ह्यो कुणाचा रं?"

शेवटी आप्पांनीच तह मांडला. "तू आज रातच्या रेल्वेनं जा, मी बंब इकतो. विमानात बसलास, तर बंब परत परसात."

सुहासने जागतिक परिषदेत करावे तसे हस्तांदोलन केले. विमानाचे तिकीट मात्र रद्द केले नाही.

बंब मागच्या सीटवर आप्पांना टेकून खडेबाजारापर्यंत आला. तांब्याच्या दुकानदाराने तो काट्यावर चढवला. आप्पांनी तोटीवरून एकदा बोट फिरवले आणि रस्त्याकडे तोंड केले. उद्यापासून त्यांचे गुडघे ढगांच्या मर्जीवर.

सुहास घड्याळ पाहत होता. रेल्वे म्हणजे अख्खी रात्र, सांबऱ्याहून विमान थोड्याच वेळात. जग सुधारायला माणूस केव्हाही तयार असतो, फक्त सुरुवात दुसऱ्याच्या न्हाणीघरातून झाली पाहिजे. दुकानदार वजन सांगणार, तोच बंगळुरात कमावलेली सगळी शुद्ध भाषा विसरून सुहास भर बाजारात ओरडला,

"आप्पा, घाला त्यो बंब परत गाडीत! माझं विमान चुकतंय!"